ऐप्टेशियावर शिकारी सोडताय? आधी या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीत, लाइव्ह रॉकच्या (जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या खडकाच्या) कपारीत एक दिवस तपकिरी, अर्धपारदर्शक फुलासारखं काहीतरी उमललेलं दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते आवडतंसुद्धा. हाच ऐप्टेशिया, टाकीत भराभर पसरणारा एक ॲनेमोन. महिन्याभरात तशी पाच-सहा होतात, आणखी काही महिन्यांनी मोजदादच सुटते. शेजारचे झोअँथिड (वसाहतीने वाढणारे, फुलासारखे प्रवाळवर्गी प्राणी) मिटून बसलेले असतात, कारण या फुलाचे डंख त्यांना दिवसरात्र लागत असतात. मग कुणीतरी सांगतं, "पेपरमिंट कोळंबी सोड, साफ करून टाकेल." कोळंबी येते, ऐप्टेशिया जागच्या जागी राहतो आणि आणखी दोन महिने वाया जातात.

नैसर्गिक शिकारी काम करतात याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी स्वतः बाटलीतल्या रसायनांपेक्षा त्यांनाच पसंती देतो. पण शिकारी जिवंत प्राणी आहे. त्याला भूक आहे, आवडनिवड आहे, शत्रू आहेत. बहुतेक वेळा अपयश येतं ते सोडण्याआधी तीन गोष्टी न तपासल्यामुळे: समोरचा ॲनेमोन नेमका कुठला, आपल्या टाकीत शिकाऱ्यालाच कोण खाईल, आणि ऐप्टेशिया संपल्यावर त्याने खायचं काय.

ओळख न पटवताच शिकारी आणणं

ऐप्टेशियाचा देठ लांब, शुंडके बारीक आणि टोकदार. त्याच्यावर सावली पडली किंवा जवळ पिपेट नेलं की क्षणात भोकात आक्रसून जातो. मजानो हा दुसरा उपद्रवी ॲनेमोन मात्र बुटका आणि जाडसर असतो. त्याच्या शुंडकांची टोकं फुगीर, बरेचदा गुलाबी किंवा जांभळट, अंगावर हिरवी झाक. नवख्याला तो, लोक मुद्दाम पाळतात त्या बबल टिप ॲनेमोनचं पिल्लूच वाटतो. रात्री तुमच्या खडकावर केशरी गोल टोकांचं पारदर्शक फूल उघडत असेल, तर तो या दोन्हींपेक्षा वेगळाच प्राणी आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त ऐप्टेशिया खाते. मजानोच्या टाकीत सोडलेली बर्घिया उपाशी मरते. पेपरमिंट कोळंबीवरही मजानोच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. काही फाइलफिश मासे मजानो टिपतात, पण सगळे नाही. मजानो थोडे असतील तर तो खडकच बाहेर काढून हाताळावा, हे माझं स्पष्ट मत.

पेपरमिंटच्या नावाखाली भलतीच कोळंबी

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पेपरमिंट म्हणजे लिस्माटा या वंशातल्या काही जाती. त्या एकमेकींसारख्या दिसतात आणि सगळ्या एकाच नावाने विकल्या जातात. ऐप्टेशिया खाण्याची हौस मात्र सगळ्यांना सारखी नसते. त्यामुळे "माझ्याकडे चार दिवसांत साफ झालं" आणि "माझ्याकडे एकही खाल्ला नाही" ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात.

खरा धोका कॅमल श्रिंपचा. तीही लाल पट्ट्यांची, आणि पुष्कळदा त्याच पेटीत येते. ओळखायची खूण सोपी आहे. पेपरमिंटचं अंग फिकट, जवळजवळ पारदर्शक असतं आणि त्यावर बारीक लाल रेषा असतात, पांढरा रंग नसतो. कॅमलच्या अंगावर लालसोबत ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके दिसतात, डोळे मोठे असतात, पाठीला कुबड असतं. तिच्या डोक्यावरची चोच बिजागरीसारखी वरखाली हलते. अंगावर पांढरं दिसलं की ती कोळंबी घेऊ नका. ती झोअँथिड आणि मश्रूम कोरल कुरतडते. मीही एकदा असाच फसलो होतो. आठवड्याभरात झोअँथिडची अर्धी वसाहत गेली आणि ऐप्टेशिया जसेच्या तसे राहिले.

जात बरोबर असली तरी पेपरमिंट लहान ऐप्टेशियाच खाते. चांगला मोठा झालेला ऐप्टेशिया दिसला की ती लांबूनच वळते. त्यामुळे मोठे आधी तुम्ही हाताने संपवायचे आणि बारके तिच्यावर सोपवायचे, अशी वाटणी उपयोगी पडते.

शिकाऱ्याला पोटभर जेवू घालणं

"कोळंबी ऐप्टेशियाकडे बघतही नाही" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, टाकीत रोज किती खाद्य पडतं? पेपरमिंटला गोठवलेली मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) रोज आयती मिळत असेल, तर डंख मारणाऱ्या शिकारीच्या वाट्याला ती का जाईल? ती कोरलच्या तोंडातला घासही ओढून नेते. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे खाद्य कमी ठेवा, माशांना पुरेल तेवढंच आणि काही मिनिटांत संपेल असं द्या. त्याचा आणखी एक फायदा होतो: ऐप्टेशियाही पाण्यात तरंगणारे कण पकडून पोसला जातो. खाद्य भरपूर आणि नायट्रेट चढलेलं असेल तर शिकारी जितके खाईल तितके नवे उगवत राहतात. ऐप्टेशिया पिकण्यामागे बहुतेक वेळा आपला सढळ हातच असतो.

ऐप्टेशिया इतका चिवट आहे की प्रवाळ आणि त्यांच्या शरीरात राहणाऱ्या शैवालांचं सहजीवन अभ्यासायला प्रयोगशाळांमध्ये हाच ॲनेमोन वाढवतात. 2015 साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत ज्या गुणांचं कौतुक होतं, त्याच गुणांशी आपली टाकीत झुंज चालू असते.

ओरबाडणं, कापणं, चिरडणं

शिकारी आणायचा कंटाळा करून लोक चिमटा घेतात. ऐप्टेशियाच्या पायाचा तुकडा खडकावर राहिला की त्यातून नवा ॲनेमोन तयार होतो. तो सरकताना मागे राहिलेल्या ऊतकाच्या बारीक कणांतूनही पिल्लं उगवतात. म्हणजे एक ओरबाडला तर चार तयार. मोठा ऐप्टेशिया संपवायचाच असेल तर कालवॉसरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुन्याची) घट्ट पेस्ट किंवा बाजारात मिळणारं तयार औषध सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडा. तेव्हा पंप बंद ठेवा आणि एका वेळी मोजकेच घ्या, कारण कालवॉसरने पाण्याचा पीएच चढतो. हे सगळं शिकारी सोडण्याच्या आधी उरकायचं. बर्घिया आत असताना त्याच खडकांवर पेस्ट टाकली तर पैसेही वाया आणि जीवही.

बर्घियाबद्दल उतावीळपणा

माझी पहिली पसंती बर्घियालाच. सुमारे दोन-तीन सेंटिमीटरची ही गोगलगाय ऐप्टेशियाच्या डंखपेशी न फोडता गिळते आणि पाठीवरच्या झालरीसारख्या उपांगांत साठवून स्वतःच्या संरक्षणाला वापरते. कोरलला ती तोंड लावत नाही. आज बाजारात मिळते ती बर्घिया स्टेफनी. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं वेगळी जात म्हणून वर्णन केलं. त्याआधी ती दुसऱ्याच जातीच्या नावाखाली विकली जायची.

तिला आणल्यावर पहिला महिना काहीच होत नाही असं वाटतं, आणि चुकीचं पाऊल इथेच पडतं. ती रात्री हिंडते, दिवसा खडकाखाली असते. एक-दोन बर्घियांनी शंभर ऐप्टेशिया संपवायचे म्हटले तर ते शक्यही नाही. काम होतं ते त्यांच्या वंशवाढीतून. प्रत्येक बर्घिया नरही असते आणि मादीही, म्हणून कोणत्याही दोघी एकत्र आल्या की दोघीही अंडी घालू शकतात. पांढऱ्या नागमोडी दोऱ्यासारखी अंडी दिसतात, साधारण दोन आठवड्यांच्या आत पिल्लं बाहेर पडतात आणि ती मोठी व्हायला आणखी कित्येक आठवडे लागतात. हिशेब महिन्यांचा धरा. मी शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीतही पाच-सहापेक्षा कमी सोडत नाही. त्या एकाच ठिकाणी सोडतो, म्हणजे त्यांची एकमेकींशी गाठ पडते.

सोडतानाही घाई नको. त्यांना पाण्याच्या खारेपणातला झटका सोसत नाही. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी थेंब-थेंब मिसळत तासभर तरी द्या. मग दिवे आणि पंप बंद करून, पिपेटने हळूच ऐप्टेशियाच्या जवळच्या खडकावर ठेवा. ऐप्टेशियाच्या शुंडकांवर थेट टाकू नका. भुकेल्या छोट्या बर्घियाला मोठा ऐप्टेशियाच गिळू शकतो. वेव्हमेकरच्या (टाकीत लाटा उठवणाऱ्या पंपाच्या) तोंडावर जाळी किंवा स्पंज लावायला विसरू नका.

बर्घियाला खाणारे आधीच टाकीत असतात

शिकाऱ्यालाही शिकारी असतो. सिक्स-लाइन रास किंवा मेलॅन्युरस रास हे मासे असलेल्या टाकीत बर्घिया सोडणं म्हणजे त्यांना महागडा खाऊ देणं. खेकडे आणि मोठ्या कोळंब्याही तिला टिपतात. पेपरमिंट आणि बर्घिया एकत्र ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. कोळंबी तिची अंडी आणि पिल्लं खाते, म्हणजे नेमकी तिची वंशवाढच खुंटते. दोघींपैकी एक निवडा. शिवाय ज्या टाकीत माशांच्या रोगावर कधी तांब्याचं औषध टाकलं होतं, तिथे कोळंबी किंवा गोगलगाय नेण्याआधी तांब्याची चाचणी जरूर करा. हे प्राणी तांबं सहन करू शकत नाहीत.

कॉपरबँड आणि फाइलफिश: माशाचा निर्णय वेगळा

लांब चोचीची कॉपरबँड बटरफ्लाय ऐप्टेशिया खाऊ शकते, म्हणून हौशी लोक ती घेऊन येतात. ही मासळी सुमारे 20 सेंटिमीटरपर्यंत वाढते, तिला मोठी टाकी लागते आणि प्रवासातून आलेली बरीचशी जनावरं खायलाच तयार नसतात. काही जणी ऐप्टेशियाला तोंडही लावत नाहीत, आणि ट्यूबवर्म व शिंपले मात्र संपवतात. दुकानदाराला तिला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. तिने खाल्लं नाही तर घेऊ नका. चारशे-पाचशे लिटरपेक्षा छोट्या टाकीसाठी तर मी विचारही करणार नाही.

ब्रिसलटेल फाइलफिश लहान आहे, खाद्यही पटकन घेते आणि ऐप्टेशियावर तिचा वेग चांगला असतो. पण ऐप्टेशिया कमी होऊ लागले की ती झोअँथिड किंवा मोठ्या पॉलिपच्या कठीण (एलपीएस) कोरलकडे वळू शकते. तुमचे किमती कोरल त्याच टाकीत असतील तर बारीक लक्ष ठेवा. चोच लागलेली दिसली की तिला हलवायला दुसरी टाकी तयार हवी. ती नसेल तर आणू नका.

दिसतं तेवढंच साफ करणं

समोरची काच स्वच्छ झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. सम्पमध्ये (खालच्या गाळणीच्या टाकीत), पाणी तिकडे उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या डब्यात, पाइपच्या आतल्या बाजूला ऐप्टेशिया बिनधास्त वाढतात. तिथे कोळंबी किंवा मासा पोहोचत नाही, आणि तिथून सुटलेलं प्रत्येक पिल्लू पुन्हा मुख्य टाकीत येऊन बसतं. म्हणून सम्प आणि ओव्हरफ्लोची साफसफाई हाताने, पेस्ट लावूनच करावी लागते. रात्री दिवे गेल्यावर लाल टॉर्च घेऊन मागच्या बाजूला एकदा पाहा, तुमचं चित्र बदलेल.

नवा फ्रॅग (कोरलचा लावायचा तुकडा) आणला की तो चिकटवलेला प्लग, म्हणजे छोटी बैठकही तपासा. डिपने (औषधी पाण्यात बुडवून) ऐप्टेशिया मरतीलच याची खात्री नाही. जमत असेल तर कोरल प्लगवरून काढून नव्या प्लगवर बसवा आणि काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

शेवटी तिसरा प्रश्न उरतो. ऐप्टेशिया संपत आले की बर्घिया उपाशी राहू लागतात. दुसरं काही त्या खात नाहीत. काचेवर फिरणारी एखादी दिसली तर रात्रीच पिपेटने उचलून ठेवा. मी अशा वेळेसाठी बाजूला एका छोट्या डब्यात थोडे ऐप्टेशिया मुद्दाम जगवतो. बर्घिया तिथे महिनाभर राहतात, आणि तेवढ्यात ज्यांच्या खडकांवर ऐप्टेशिया नुकतेच उमलू लागले आहेत असं कुणीतरी हमखास भेटतं.