पेटीत किती आंबे, होड्या पुन्हा कधी: मूळ अवयवांवरून मसावि आणि लसावि

समजा, खळ्यात ३३६ हापूस आणि ३६० पायरी आहेत. एका पेटीत एकाच जातीचे आंबे, सगळ्या पेट्यांत नग सारखेच, आणि एकही आंबा उरायला नको. पेटीत जास्तीत जास्त किती भरता येतील? म्हणजे मसावि (महत्तम सामाईक विभाजक) काढायचा: दोन्ही संख्यांना जिने नि:शेष भाग जातो अशी सर्वांत मोठी संख्या.

आधी मूळ अवयव पाडा, म्हणजे १ आणि स्वतःशिवाय विभाजक नसलेल्या मूळ संख्यांचा गुणाकार करून मांडा. प्रत्येक संख्येला वेगवेगळे, २ ने भाग जातोय तोवर भागत राहा, मग ३, ५, ७ घ्या. १ उरला की थांबा.

३३६ = २ × २ × २ × २ × ३ × ७
३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५

२ एकीकडे चारदा, दुसरीकडे तीनदा. मसाविसाठी तीनच घ्यायचे. ३ दोन्हीकडे किमान एकदा आहे, म्हणून एकच. ५ आणि ७ एकेकाच बाजूला, ते सोडा. २ × २ × २ × ३ = २४. म्हणजे हापूसच्या १४ पेट्या, पायरीच्या १५. आता १४ आणि १५ यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणजे उत्तर बरोबर. डझनाचीच पेटी हवी असेल तरी अडत नाही: २४ चा प्रत्येक विभाजक दोन्ही संख्यांना चालतो, तेव्हा १२ घेतले की २८ आणि ३० पेट्या.

चुका बहुतेक अवयव पाडतानाच होतात. ५१, ५७, ९१ मूळ संख्या वाटतात, पण ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ९१ = ७ × १३. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. ९७ साठी २, ३, ५, ७ पुरे, कारण ११ × ११ = १२१ होतात.

लसाविला (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोन्ही संख्यांनी जिला नि:शेष भाग जातो अशी सर्वांत लहान संख्या) उलटे: जिथे अवयव जास्त वेळा, तिथली संख्या घ्या. खाडीच्या धक्क्यावरून सकाळी ८ वाजता दोन होड्या एकदम सुटल्या. एक दर ४५ मिनिटांनी सुटते, दुसरी दर ६० मिनिटांनी.

४५ = ३ × ३ × ५
६० = २ × २ × ३ × ५

लसावि २ × २ × ३ × ३ × ५ = १८० मिनिटे. दोघी पुन्हा एकदम ११ वाजता. नुसता गुणाकार केला तर २७०० मिनिटे, म्हणजे ४५ तास! सामाईक ३ आणि ५ दोनदा मोजले गेले, म्हणून १५ पट फुगले.

दोन संख्यांसाठी मसावि × लसावि = त्यांचा गुणाकार, हा ताळा हुकमी: १५ × १८० = २७००. तीन संख्यांना मात्र तो लावू नका. ४, ६, १० यांचा मसावि २, लसावि ६०, त्यांचा गुणाकार १२०. आणि ४ × ६ × १० मात्र २४०.