केळीच्या ऊतिसंवर्धनात बाटल्या खराब होतात? या चुका टाळा

बाटलीत बुरशी दिसली की ती बाजूला काढायची आणि नोंदवहीत 'कंटॅमिनेशन' एवढाच शब्द लिहून मोकळे व्हायचे, ही केळीच्या ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर, म्हणजे बाटलीत रोपे वाढवण्याच्या) प्रयोगशाळेतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. संसर्ग बाटलीत नेमका कोठे उगवला, किती दिवसांनी उगवला आणि कोणाच्या हातच्या बाटल्यांत उगवला, या तीन गोष्टी लिहून ठेवल्या तर निम्मे निदान तेथेच होते.

रोप न लावलेल्या बाटलीतही वाढ दिसत असेल, तर दोष ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) वापरात शोधावा. आतली हवा पूर्ण बाहेर पडण्याआधी वाफेची झडप बंद केली, तर काटा १५ पौंडांचा दाब दाखवतो, पण तापमान १२१ अंशांपर्यंत पोहोचतच नाही. बाटल्या खच्चून भरल्या किंवा मोठ्या फ्लास्कला छोट्या बाटलीइतकाच वेळ दिला, तरी हेच घडते. म्हणून ओतलेला मीडिया (रोपाचे पोषक माध्यम) तीन-चार दिवस तसाच ठेवून, पाहून मगच वापरावा. घाईच्या हंगामात नेमका हाच नियम आधी मोडला जातो.

रोपाच्या बुडाशी, आगरमध्ये (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीत) दुधाळ वलय दिसले तर जिवाणू बहुधा मुनव्यातूनच (ज्या कोंबापासून रोपे तयार केली, त्यातूनच) आलेले असतात. येथे हायपोक्लोराइटची (मुनवा निर्जंतुक करण्याच्या द्रावणाची) मात्रा वाढवत नेण्याचा मोह होतो. परंतु ते फक्त पृष्ठभागावर काम करते आणि ऊतीच्या आत राहणाऱ्या जिवाणूंना त्याचा स्पर्शही होत नाही. असे जिवाणू पहिले काही सबकल्चर (रोपे वेगळी करून नव्या बाटल्यांत लावण्याच्या फेऱ्या) गुपचूप काढतात आणि एका रोपाची शेकडो रोपे झाल्यावर वर येतात. प्रतिजैविक घातल्यास वलय नाहीसे होते, जिवाणू मात्र बहुतेकदा केवळ दबून राहतात. त्यापेक्षा सुरुवातीलाच बुडाची पातळ चकती कापून न्यूट्रिएंट आगरवर (जिवाणू वाढवणाऱ्या माध्यमावर) ठेवावी व वाढ दिसल्यास त्या मुनव्यापासून निघालेली सगळी बाटल्यांची ओळ काढून टाकावी. हा निर्णय जिवावर येतो, पण पुढे ढकलला तर अधिक बाटल्या जातात.

एकाच कामगाराच्या, त्यातही लागोपाठच्या बाटल्यांत सारखीच वाढ दिसली, तर चिमटा आणि ब्लेड तपासावेत. सत्तर टक्के अल्कोहोल बहुतेक जिवाणू मारते, परंतु बॅसिलसचे बीजाणू त्यात जिवंत राहतात. त्यामुळे आठवडाभर न बदललेली स्पिरिटची बरणीच संसर्गाचे घर बनते. चिमटा बुडवून नुसता ज्योतीतून फिरवला की स्पिरिट जळते, धातू तापतोच असे नाही. अडीचशे अंशांच्या काचमण्यांच्या स्टरिलायझरमध्ये पुरेसा वेळ धरून, तो निवल्यावरच ऊतीला लावावा. लॅमिनारचा (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करण्याच्या कपाटाचा) महागडा फिल्टर बदलण्याआधी बरणी बदलून पाहावी, असे माझे मत आहे. लॅमिनार मात्र कामाआधी वीसएक मिनिटे चालू हवा, आणि वीज जाऊन आली तर लगेच बाटली उघडू नये.

पंधरा दिवस स्वच्छ राहिलेल्या बाटल्यांत, एकाच फळीवर शेजारी-शेजारी बुरशी फुटू लागली, तर हाताळणीला दोष देण्याआधी भिंग घ्यावे. कोळी (माइट, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कीटकासारखे जीव) व फुलकिडे सैल झाकणातून आत शिरतात आणि अंगावर बुरशीचे बीजाणू नेतात. आगरवर त्यांच्या चालीच्या रेषेत ठिपक्या-ठिपक्यांनी बुरशी उगवते. पावसाळ्यात दमट हवेमुळे फळ्या आणि झाकणांवरही बुरशी धरते. शिवाय वीज गेल्यावर ग्रोथ रूमचे (बाटल्या वाढीला ठेवतात त्या खोलीचे) तापमान वर-खाली होते, तशी बाटलीतली हवा आत-बाहेर होते आणि सैल झाकणाची किंमत तेव्हा मोजावी लागते.

खराब बाटली तर ग्रोथ रूममध्ये किंवा धुण्याच्या मोरीवर मुळीच उघडू नये. ती झाकणासह ऑटोक्लेव्ह करून मगच रिकामी करावी, आणि हे काम त्याच दिवशी उरकावे. कोपऱ्यात ठेवलेल्या क्रेटमधून कोळी रात्रीत शेजारच्या फळीवर पोहोचलेले असतात.