संपकऱ्यांवरील अपमानास्पद विनोदाविरुद्ध तक्रार कशी करावी
इचलकरंजीतील यंत्रमाग कामगार असोत वा कोल्हापूर आगारातील एसटी कर्मचारी, संपकाळात त्यांच्या घरची चूलही जपून पेटते. अशा माणसांची वाहिनीवर टिंगल झाली, तर नुसते चिडून टीव्ही बंद करू नये. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमके शब्द तत्काळ लिहून ठेवावेत, कारण याच तपशिलावर तक्रार उभी राहते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्सच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडेच लेखी करावी. तिने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत वाहिन्यांनी स्वतःवर देखरेखीसाठी उभारलेल्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येते. समाजातील एखाद्या गटाची बदनामी कार्यक्रम संहितेत, म्हणजे वाहिनीवर काय दाखवू नये याच्या नियमांत, बसत नाही, हा मुद्दा तक्रारीत ठामपणे मांडावा. निवेदकाला शिवीगाळ मात्र करू नये.