नवा बाँड कोण? घरच्या घरी पैज लावायची रीत

आमच्या घरी निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. पुढून उघडली की दुधाचा हिशेब, उलटी केली की जेम्स बाँड: पडद्यावरचा पुढचा बाँड कोणता नट होणार, यावरच्या आमच्या घरच्या पैजा. मागची पहिली नोंद २००५ सालची: 'भाऊजी – क्लाइव्ह ओवेन – ६ कचोऱ्या.' त्यावर लाल पेनची फुली आहे, माझ्याच हातची. त्या ऑक्टोबरात नाव निघालं डॅनियल क्रेगचं, आणि भाऊजींनी म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात नेऊन सगळ्यांना कचोऱ्या चारल्या त्या तोंड कडू करून. "भुऱ्या केसांचा बाँड! हा तर गुंडाचा ड्रायव्हर दिसतो," हे त्यांचं तेव्हाचं वाक्य.

मी तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे वही माझ्याकडे, नियमही माझे. रामबागेतल्या दोन-तीन घरांनी आता आमचं पाहून असल्या वह्या घातल्यात आणि कुठे अडलं की मला विचारायला येतात. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी लिहायचं ते हे, की बरोबर उत्तर म्हणजे काय. आमची सगळ्यात मोठी भांडणं इथेच झाली. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या एका टॅब्लॉइडनं छापलं, की आरन टेलर-जॉन्सनला भूमिका देऊ केली आहे. पुतण्या विजयनगरहून जिलेबीचा पुडा घेऊनच आला. "काकू, पक्कं झालं भिया!" (भिया म्हणजे इंदुरी बोलीत भाऊ. काकूला भिया म्हणायचं नाही, हेही आता वहीत लिहिलंय.) जिलेबी खाल्ली, पण जाहीर काहीच झालं नाही. पुतण्याचं म्हणणं, बातमी आली म्हणजे जिंकलो. तेव्हापासून नियम असा: चित्रपट काढणाऱ्यांनी स्वतः नाव सांगितलं तरच निकाल. क्रेगचं तसं झालं होतं. १४ ऑक्टोबर २००५ ला त्याला थेम्स नदीतून वेगवान बोटीनं आणून पत्रकारांपुढे उभं केलं. अंगात सुटावर लाइफ जॅकेट. त्या जॅकेटवरूनही लोक हसले, पण नाव पक्कं होतं. वहीत तारीख टाकता आली.

दुसरी पायरी, पैज कशाची. पैशाची नको, बेकायदा तर आहेच, शिवाय घरात कटकट. कचोरीची ठेवा. रुपयांत लिहिलेली पैज दहा वर्षांत फुसकी होते, कचोरी मात्र कचोरीच राहते. थंडीत निकाल लागला तर दोन कचोऱ्यांना एक प्लेट गराडू, म्हणजे तळलेला कंद, हा आमचा दर. भुट्ट्याचा कीस धरत नाही, कारण त्यावर कुणाचं समाधान होत नाही.

आता गणित. यासाठी कुणाच्या कानात कुणी काही सांगावं लागत नाही, जन्मतारखा पुरतात. वहीत तीन रकाने पाडा: नट, पहिला चित्रपट आला तेव्हाचं वय, शेवटचा आला तेव्हाचं वय. बाँडपट काढणाऱ्या इऑन कंपनीच्या मालिकेतले सहाही जण मी मांडले ते असे. शॉन कॉनरी १९६२ मध्ये ३२ वर्षांचा. जॉर्ज लॅझनबी १९६९ मध्ये ३०. रॉजर मूर १९७३ मध्ये ४५. टिमोथी डाल्टन १९८७ मध्ये ४१. पिअर्स ब्रॉस्नन १९९५ मध्ये ४२. क्रेग २००६ मध्ये ३८. बेरीज २२८, भागिले सहा, बरोब्बर ३८. हे आलं तेव्हा मला वर्गात फळ्यावर उदाहरण सुटावं तसा आनंद झाला होता.

पण सरासरीवर थांबाल तर फसाल. वेग बघा. कॉनरीनं १९६२ ते ६७ या पाच वर्षांत पाच बाँडपट उडवले. मूरनं बारा वर्षांत सात. क्रेगला पाच चित्रपटांना पंधरा वर्षं लागली, शेवटचा २०२१ मध्ये आला तेव्हा तो ५३ चा होता. म्हणजे कॉनरीनं तिशीतच पाच चित्रपट हातावेगळे केले. आता ज्याला घ्याल त्याला पन्नाशीपर्यंत सांभाळायचंय. बार्बरा ब्रोकोली आणि मायकेल विल्सन या निर्माते भावाबहिणीनं २०२२ मध्ये हेच सांगितलं होतं: दहा-बारा वर्षांची बांधिलकी, आणि माणूस तिशीतला हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालिकेची सूत्रं त्यांच्या हातून ॲमेझॉन एमजीएमकडे गेली खरी, पण मालक बदलला म्हणून नटाचं वय थोडंच थांबतं!

करून बघा. समजा, पुढचा बाँडपट २०२८ मध्ये येईल. त्या वर्षात कोण कितीचा होईल? इद्रिस एल्बा ५६. टॉम हिडलस्टन ४७. हेन्री कॅव्हिल ४५. थिओ जेम्स ४४. आरन टेलर-जॉन्सन आणि कॅलम टर्नर दोघेही ३८. जेकब एलोर्डी ३१. आता प्रत्येकात पंधरा मिळवा आणि सांगा, कुणाला छपरावरून पळताना बघवेल. एल्बासाठी माझा जीव आजही तुटतो. असा आवाज, असं नुसतं उभं राहणं! पण जीव तुटणं हा रकाना वहीत नाही. १९८५ च्या चित्रपटात मूर ५७ चा होता आणि ते दिसत होतं.

दिसण्याबद्दल फार लिहीत नाही. केसांचा रंग सोडून द्या, क्रेगनंतर तो मुद्दा संपला. त्याच्यावर बहिष्कार घालायला निघालेले लोक होते, आणि त्याच्या पहिल्याच बाँडपटानं जगभरात जवळजवळ ६० कोटी डॉलर गोळा केले. 'इंग्रजच हवा' हेही खोडा. लॅझनबी ऑस्ट्रेलियन, ब्रॉस्नन आयरिश, कॉनरी स्कॉटिश. एलोर्डी ऑस्ट्रेलियन म्हणून भाऊजींनी त्याचं नाव खोडलं होतं, ते मी पुन्हा लिहायला लावलं.

यापेक्षा एक कामाची खूण सांगते: पूर्वी हुकलेले कोण, ते शोधा. मूरचं नाव तो बाँड होण्याच्या आधीपासून चर्चेत होतं. डाल्टनला कॉनरीनंतर विचारलं तेव्हा तो विशीत होता. मीच लहान आहे म्हणाला आणि वीसेक वर्षांनी आला. ब्रॉस्ननची तर पुरी सोयरीक मोडलेली. १९८६ मध्ये त्याची टीव्ही मालिका बंद पडली म्हणून त्याला निवडलं. ते कळताच त्याचा भाव वधारला, तर वाहिनीनं कराराची मुदत संपता संपता तीच मालिका पुन्हा सुरू केली. त्याचे हात बांधले गेले आणि भूमिका डाल्टनकडे गेली. पुढे १९८९ नंतर कोर्टकचेऱ्यांत बाँडपटांची मालिकाच सहा वर्षं अडकली, डाल्टन बाजूला झाला आणि १९९४ मध्ये त्याच घरातून ब्रॉस्ननला पुन्हा बोलावणं आलं. सहातले तिघे असे. म्हणून हुकलेल्यांची यादी वेगळी ठेवा. कॅव्हिल तिच्यातलाच, क्रेगच्या वेळी चाचणी दिली तेव्हा तो जेमतेम बावीसचा होता. पण आता वयाचा रकाना त्याच्या आड येतो. दोन नियम भांडले की मी वयाच्या बाजूनं निकाल देते. भाऊजींना ते पटत नाही. त्यांच्या सहा कचोऱ्या कॅव्हिलवर आहेत.

आता सट्ट्याचे भाव. इथे मी स्वतः आपटलेय, म्हणून जरा सविस्तर.

ब्रिटनमध्ये पुढचा बाँड कोण यावर कायद्यानं सट्टा चालतो, आणि त्याचे भाव आपल्याकडे बातमी म्हणून येतात. इंदूरच्या माणसाला सट्टा काय शिकवायचा! काचमंदिर बांधणाऱ्या सर सेठ हुकुमचंदांच्या कापसाच्या सौद्यांच्या गोष्टी ऐकतच आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. सासरे म्हणायचे, भाव चढल्यानं गाठी वाढत नाहीत, गलका वाढतो. मी ते ऐकून होते आणि तरीही २०१६ च्या मे महिन्यात हिडलस्टनवर ११ कचोऱ्या लावल्या. त्याची हेरगिरीची मालिका गाजत होती, भाव रोज बदलत होता, आणि एका सट्टेवाल्यानं त्याच्यावरचे सौदेच बंद केले. पुतण्या म्हणाला, "सौदे बंद, म्हणजे आतली खबर, काकू." मला पटलं. पुढे काय झालं? 'पुन्हा बाँड करण्यापेक्षा मनगट कापून घेईन' अशा अर्थाचं बोललेला क्रेगच परत आला. सराफ्यात त्या रात्री अकरा जण होते आणि कचोरीवर कुणी थांबलं नाही.

नंतर मी बसून विचार केला. हा बाजार क्रिकेटसारखा मोठा नाही, चिमुकला आहे. शंभरेक माणसांनी एकाच नावावर थोडेथोडे लावले तरी भाव हलतो. भाव हलला की बातमी, बातमी आली की आणखी शंभर माणसं. सट्टेवाला घाबरून दुकान आवरतं घेतो, आणि त्या आवरण्याचीच पुन्हा बातमी होते. आत बसलेल्या निर्मात्याला यातलं काही माहीतही नसेल. भाव बघून कळतं ते एवढंच, की लोक कुणावर लावताहेत.

भाव वाचायची रीतही शिकून घ्या. 'दोनास एक' म्हणजे एक लावला तर वर दोन मिळणार. शक्यता धरायची तीनात एक, ३३ टक्के. तिनास एक म्हणजे २५, चारास एक म्हणजे २०, पाचास एक म्हणजे १७. या चौघांचीच बेरीज ९५ झाली, आणि यादीत खाली अजून दहा नावं उरलीत. सगळी मिळवली की शंभराच्या चांगली वर जाते. वरचं ते सट्टेवाल्याचं मीठ-मिरची, म्हणजे त्याचा नफा.

अफवा आली की दोन गोष्टी तपासा. त्या नटाचा एखादा चित्रपट त्याच आठवड्यात लागतोय का? आणि हे तो आपणहून बोलला, की कुणी विचारलं? कुठल्याही ब्रिटिश नटाला मुलाखतीत हा प्रश्न विचारतातच. तो हसला तर 'नकार दिला नाही', गप्प बसला तर 'सूचक मौन'. आमच्याकडे मुलीला बघायला आलेले लोक निघताना 'कळवतो' म्हणायचे, तेवढाच त्याचा अर्थ.

एक गंमत मात्र जरूर करा. नटांच्या चाचणीसाठी बाँडच्या निर्मात्यांचा एक ठरलेला प्रसंग होता, १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधला: बाँड हॉटेलच्या खोलीत येतो आणि पलंगावर एक अनोळखी बाई. सॅम नीलची ही चाचणी बघायला मिळते, आणि १९८३ च्या चित्रपटासाठी, मूर येणार की नाही ते ठरत नव्हतं तेव्हा घेतलेली जेम्स ब्रोलिनचीही. दोघं वाईट नाहीत, पण बाँड होत नाहीत. का होत नाहीत, यावर आम्ही दोन रात्री घालवल्या. माझं मत, चालण्यावर बघा. कॉनरी भेटून बाहेर पडला तेव्हा निर्मात्यांनी खिडकीतून त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं, मोठ्या मांजरासारखा, आणि ठरवून टाकलं म्हणतात. तुमच्या उमेदवाराचा कुठलाही जुना चित्रपट लावा, आवाज बंद करा आणि तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कसा जातो ते बघा. आमच्या भाऊजींनी हॉलमध्ये चालून दाखवलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, दूधवाला आल्यासारखं वाटलं.

नोंद करताना एका माणसाला एकच नाव, तारखेसकट, पेननं. बदल करायचा असेल तर दोन कचोऱ्या दंड. आणि घाई नको. जून २०२५ मध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव ठरला, जुलैअखेर लेखक म्हणून स्टीव्हन नाइट. मांडव पडला, आचारी ठरला, भटजींना सुपारी गेली, आणि नवरदेवाचा तेव्हा पत्ता नव्हता. त्याच आठवड्यात मी आमच्याकडची नवी नोंद घेतली. भाऊजी, कॅव्हिल. पुतण्या, टर्नर. जाऊबाई, एलोर्डी, 'उंच आहे' एवढ्याच कारणानं.

माझी नोंद: 'यादीत नसलेला – ११ कचोऱ्या.' लॅझनबी आला तेव्हा तो जाहिरातीतला मॉडेल होता, कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन केस कापून आणि त्याच्याच शिंप्याकडचा सूट घालून चाचणीला गेलेला. असा कुणीतरी दर वेळी दाराबाहेर असतो. भाऊजी म्हणतात ही लबाडी आहे, नाव न लिहिता अख्खं जग विकत घेतलं. म्हणून नियम वाढवला: नोंदीच्या दिवशीची सट्टेवाल्यांच्या पहिल्या दहा नावांची यादी छापून वहीत चिकटवायची, आणि त्यातला कुणीही आला तर मी हरले. यादी खळीनं चिकटवली आहे. दोन नावांवर डाग पडलाय, पण वाचता येतात.