धूर मारला म्हणजे डेंग्यू गेला असं नाही, या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये एकापाठोपाठ तिघांना डेंग्यू झाला आणि सोसायटीच्या लेटरहेडवर "परिसरात त्वरित धूरफवारणी करावी" असा कडक अर्ज मीच लिहिला. चार दिवसांनी तपासणीला एक ताई आल्या, हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. घरात आल्या आल्या म्हणाल्या, "दादा, फ्रीज जरा पुढे ओढा." मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. अर्जावर सही माझी आणि डासांचा पाळणा पण माझ्याच घरात! त्या काही बोलल्या नाहीत, वहीत नोंद केली फक्त, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर पहिली चूक हीच, धुरावर भरवसा. धुराने फक्त त्या वेळी उडत असलेला डास मरतो, अंडी आणि अळ्यांना काहीच होत नाही. त्यात डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास राहतो घरात, पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटातल्या कपड्यांत, आणि धुराची गाडी आली की आपण काय करतो तर धडाधड खिडक्या लावून घेतो. म्हणजे धूर बाहेर आणि डास आत सुखरूप. तरी मागणी धुराचीच होते, नगरसेवकाला पण तेच सोयीचं, धूर दिसतो ना, फोटो निघतो. भांडी घासण्याचा फोटो कोण काढणार!

दुसरी चूक जास्त महागात पडते, पाणी ओतलं पण भांडं घासलं नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, परत पाणी भरलं की अळ्या बाहेर. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून तर कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून वाळवायचा दिवस, आठवड्यातून एकदा असतो, पंधरा दिवसांनी पाळून काही उपयोग नाही. ड्रम, रांजण, कुंड्यांखालच्या बशा, मनीप्लांटची बाटली, एसीच्या पाइपाखाली ठेवलेली बादली, कूलर, सगळं रिकामं करून काथ्याने नाहीतर ब्रशने आतून खसखसून घासायचं आणि वाळवायचं. अळ्यांचं पाणी गटारात नको, कोरड्या मातीत ओता, तिथे त्या मरतात.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले असतात, त्यामुळे "पाणी साठवू नका" असं कोणी सांगितलं की मला रागच येतो, नळाला रोज पाणी द्या मग नाही साठवत! पण तोवर झाकण घट्ट पाहिजे, नुसती फळी ठेवून भागत नाही, जुनं सुती कापड बांधा. आणि गच्चीवरच्या टाकीच्या व्हेंट पाइपला, म्हणजे हवा जायच्या नळीला, जाळी लावा, हे हमखास राहतं. टाकीच्या झाकणाला तडा असेल तर बदला, शहरात मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफन्सी हा डास असल्या स्वच्छ पाण्याच्या टाक्यांतच वाढतो. लिफ्टचा खड्डा, बांधकामावर साचलेलं पाणी, छज्ज्यावरची ताडपत्री आणि टायर हे सोसायटीने बघायचं, एकेकट्याचं काम नाही ते.

मच्छरदाणी रात्री लावून निवांत झोपणारे पण खूप. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला मच्छरदाणी पाहिजे, शाळेत जाणाऱ्या पोराला पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजे.

आता ताप आल्यावर काय चुकतं ते. ताप कोणत्या तारखेला आला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं. एनएस1 टेस्ट (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत कामाची, त्यानंतर आयजीएमची (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटीबॉडी शोधणारी), आणि सातव्या दिवशी फक्त एनएस1 करून निगेटिव्ह आली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. अंगदुखीला मेडिकलवाल्याकडून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो, तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर लगेच डॉक्टरांना विचारा.

मग सुरू होतं प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचं, वेड. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी क्रिकेटच्या स्कोअरसारखे आकडे यायचे, "काकांच्या 62, वहिनींच्या 48 हजार", आणि मागे पपईच्या पानाचा रस, किवी, बकरीचं दूध. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या वर प्लेटलेट चढवायची गरज पडत नाही. धोका खरा असतो रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपण्याचा, रक्त घट्ट होतं, बीपी पडतो, म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, बघत असतात. पपईचा रस पिऊन उलट्या सुरू झाल्या तर शरीरातलं पाणी आणखी कमी होणार.

आणि सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे ताप उतरला, पेशंट बरा झाला. बहुतेक वेळा तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नेमके पुढचे एक-दोन दिवस जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, काळी शी, हातपाय गार, खूप सुस्ती, सहा तासांत लघवीच नाही, यातलं एक जरी दिसलं तरी रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आधी एकदा डेंग्यू होऊन गेलेला असेल तर जास्तच लक्ष ठेवा, विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकाराचा झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो.

लपवू पण नका. आमच्यातल्या तिघांपैकी एका घराने कोणालाच सांगितलं नव्हतं, "घरात घाण आहे असं म्हणतील" म्हणून. 2016 पासून डेंग्यूची नोंद आरोग्य खात्याला कळवणं खासगी हॉस्पिटल आणि लॅबना पण बंधनकारक आहे, ती गेली की पेशंटच्या आसपासची घरं तपासायला माणसं येतात. त्यांना दारातूनच "आमच्याकडे काही नाही" म्हणून परत पाठवू नका. आमच्या मजल्यावर त्या ताईंना अशी दोन दारं बंद मिळाली, आणि दुसऱ्या फेरीत त्यातल्या एका घरात देवघराशेजारच्या तांब्याच्या घंगाळात, फुलं तरंगत ठेवलेल्या पाण्यात, अळ्या सापडल्या.