ड्राय फ्लाय बांधताना नेढ्यामागची जागा आधीच राखा

ड्राय फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं नकली किड्याचं आमिष. ती बिघडते ती बहुतेक वेळा पुढच्या टोकाला. अंग, हॅकल (गळाभोवती गुंडाळलेलं पीस), डोकं, सगळंच केसभर पुढे सरकत जातं आणि शेवटी दोरा गळाच्या नेढ्यावर चढतो. मग नदीवर गार पडलेल्या बोटांनी टिपेट (मासेमारीच्या दोरीचं बारीक टोक) ओवायला गेलं की ते आत जातच नाही.

बंदोबस्त दोरा लावतानाच करायचा. १४ नंबरच्या गळावर नेढ्यामागे नेढ्याच्याच लांबीएवढा दांडा मोकळा सोडा आणि तिथून पहिला वेढा घ्या. ही उघडी जागा म्हणजे हद्द. डोकं बांधायची वेळ येईपर्यंत तिच्यावर काहीही येऊ देऊ नका. डबिंग, म्हणजे अंगासाठी दोऱ्यावर पिळलेले बारीक केस किंवा धागे, दांड्याच्या मागच्या दोन तृतीयांश भागात संपलं पाहिजे. तेही अगदी विरळ घ्या, दोऱ्याचा रंग जेमतेम झाकेल इतकंच. जाड अंग पाणी पितं आणि फ्लाय बुडते.

पुढे हॅकलचे ४-५ वेढे, एकमेकांना खेटून. तंतूंची लांबी गळाच्या फटीच्या (दांडा आणि गळाचं टोक यांतल्या अंतराच्या) साधारण दीडपट हवी. त्याहून फार लांब असले तर फ्लाय पाण्यावर नीट बसत नाही, कलंडते. पिसाचं टोक दोऱ्याच्या तीन घट्ट वेढ्यांनी आवळल्यावरच कापा, नाहीतर सगळं हॅकल उलगडतं.

व्हिप फिनिशचे, म्हणजे डोक्यावरच्या शेवटच्या गाठीचे, ४ वेढे पुरेत. गाठीवर लावायचं सिमेंट (पातळ गोंद) सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. तरीही नेढ्यात उतरलं तर ओलं असतानाच पिसाचा देठ त्यातून आरपार ओढा.