खिशातला चाकू कसा बाळगावा

आठवडाभर एक कागद जवळ ठेवा आणि चाकूची गरज पडली की लगेच टिपा. पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, फळ, पेन्सिल, कपड्याचा सुटलेला दोरा, सामानाची पिशवी. या यादीतल्या कुठल्याच कामाला ७ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही. सफरचंद तेवढ्याच व्यासाचं असतं, पण पातं मध्यापर्यंत रुतवून फळ गोल फिरवलं की ५ सेंटिमीटरच्या पात्यानेही त्याचे दोन भाग होतात. मोठा चाकू घेणारे बहुतेक जण महिनाभरात तो घरी ठेवू लागतात, कारण तो खिशात जड लागतो. ९० ग्रॅमच्या आतला चाकूच रोज सोबत राहतो.

लांबीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे उघडलेलं पातं कशाने धरून ठेवलं आहे. ते ठाऊक नसेल तर चाकू खिशात घालू नका. अचानक मिटणाऱ्या पात्यामुळे बोटं सहज कापतात. ठिकठिकाणच्या साध्या माणसांनी यावर आपापली तोड काढली आहे, आणि चाकू बाळगण्याची रीतही त्यातूनच ठरली.

सगळ्यांत साधी तोड जपानची. मिकी या गावात १८९०च्या दशकात हिगोनोकामी हा चाकू बनू लागला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक रिव्हेट आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली छोटी दांडी, एवढाच त्याचा संसार. त्याला स्प्रिंग नाही आणि खटकाही नाही. कापताना अंगठा त्या दांडीवर दाबून ठेवायचा. अंगठा उचलला की पातं मोकळं. एकेकाळी तिथली शाळकरी मुलं यानेच पेन्सिलींना टोक काढत. हा चाकू वापरात हळूहळू सैल होतो. चिमटीत उलटा धरून हलवल्यावर पातं आपोआप उघडत असेल तर रिव्हेट लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि लहान हातोडीने हलकेच दोन ठोके द्या. तपासा, गरज वाटली तर आणखी एक द्या. एकदम जोरात ठोकलं तर पातं आवळतं. मग तेलाचा थेंब सोडून वीस-पंचवीस वेळा उघडमीट करत बसावं लागतं.

स्वित्झर्लंडचा लाल चाकू, इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने चाकू, फ्रान्सच्या लागिओल गावचा चाकू आणि अमेरिकी पशुपालकांचा तीन पात्यांचा स्टॉकमन हे सगळे पाठीच्या स्प्रिंगवर चालतात. स्प्रिंग पातं रोखते, पण अडकवून ठेवत नाही. म्हणून यांचं टोक कशात भोसकायचं नाही. डब्याच्या झाकणात किंवा जाड पुठ्ठ्यात टोक खुपसताना जोर पाठीकडे गेला की पातं थेट बोटांवर मिटतं. भोक पाडायचं असेल तर लाल चाकूतला टोचा काढा, तो त्यासाठीच दिलेला आहे. हा लाल चाकू बनवणाऱ्या एल्सेनर यांच्या कारखान्याने १८९१मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले. त्यात पातं, टोचा, डबा उघडायचं हत्यार आणि पेचकस एवढंच होतं. आजही रोजच्या कामाला त्याहून फार काही लागत नाही. बारा-पंधरा अवजारांचा जाडजूड चाकू दुकानात छान दिसतो आणि खिशात विटेसारखा लागतो.

स्टॉकमनवाल्यांची एक सवय उचलण्यासारखी आहे. एक पातं मळक्या कामाला (दोर, पुठ्ठा, खतांच्या गोण्या), दुसरं फक्त खाण्याच्या वस्तूंना. पुठ्ठ्यात बारीक कचकच असते, तिने धार झपाट्याने जाते. शिवाय चिकटपट्टीचा गोंद फळाला लागत नाही.

लागिओल मिटताना पात्यावरचा हात सोडू नका. स्प्रिंग जोरदार असते. पातं फटकन आत गेलं तर काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि मधोमध ती चपटी होते. पात्याची पाठ चिमटीत धरून शेवटपर्यंत सावकाश आत न्या. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत जेवायला बसताना माणूस खिशातून स्वतःचा चाकू काढतो आणि जेवण झालं की पावाच्या तुकड्याने पुसून मिटतो. पुसण्याची ही रीत नुसती रुबाबाची नाही. कार्बन पोलादाला फळाचा आंबट रस लागून राहिला की तासाभरात करडे डाग उठतात.

त्याच देशात साव्हुआच्या डोंगराळ भागात १८९०मध्ये ओपिनेल आला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोल मूठ, आणि १९५५पासून मानेवर फिरणारी पोलादी कडी. कडी फिरवली की पातं पक्कं. याच्यात बिघाड एकच आणि तो हमखास: पाऊस लागला किंवा चाकू धुतला की लाकूड फुगतं, पातं आत रुततं आणि नखाने उघडत नाही. नख मोडत बसू नका. कडी मोकळी करा, मूठ उभी धरा आणि तिचं मागचं टोक लाकडी टेबलाच्या कडेवर टकटक आपटा. पातं थोडं बाहेर येतं, मग त्याच्या पाठीला धरून ओढा. नंतर दिवसभर उघडा ठेवून सावलीत वाळवा आणि बिजागरीच्या फटीत चिमूटभर व्हॅसलीन घाला. मुठीला जवसाचं तेल लावलंत तर तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

आफ्रिकेत गाजलेल्या ओकापी चाकूला पाठीवर कडी आणि दातेरी खाच असते. उघडताना कटकट आवाज येतो, मिटताना कडी वर ओढायची. गर्दीत तो आवाज लोकांना दचकवतो, म्हणून असा चाकू उघडायचा झाला तर बाजूला जाऊन उघडा. अमेरिकेत १९६४च्या बक ११० चाकूने पाठीवर दाबायचा खटका आणि कमरेची चामडी पिशवी लोकप्रिय केली, आणि १९८१मध्ये स्पायडर्को कंपनीने खिशाच्या काठाला अडकणारी क्लिप आणली. फिनलंडमध्ये मात्र घडीचा चाकू मागेच राहिला. तिथला पूक्को न मिटणारा, कमरेच्या खोल चामडी म्यानात अर्ध्याहून जास्त मूठ आत जाईल असा बसतो. असं म्यान घेताना दोन गोष्टी पाहा: आत टोकापर्यंत लाकडी किंवा प्लास्टिकचं अस्तर आहे ना, आणि उलटं करून हलवलं तरी चाकू जागचा हलत नाही ना. अस्तर नसेल तर पडल्यावर टोक चामड्यातून आरपार मांडीत जातं.

खिसा कुठला? चाकू एकटा राहील तो. किल्ल्या आणि नाण्यांसोबत ठेवला तर मुठीवर ओरखडे येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे किल्लीचं टोक नखाच्या खाचेत अडकून पातं अर्धवट उघडू शकतं. मग हात खिशात घातला की बोट सोलवटतं. चामड्याची किंवा कापडाची छोटी पिशवी हा सोपा उपाय. मागच्या खिशात ठेवू नका. बसल्यावर मूठ वाकते आणि चाकू खुर्चीत घसरून राहतो. क्लिपवाला चाकू असा अडकवा की मिटलेल्या पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकेल, म्हणजे चाकू चुकून सैल झाला तरी पात्याला उघडायला जागा उरत नाही.

खिशातली लव हा न दिसणारा शत्रू. ती स्प्रिंगच्या खोबणीत आणि खटक्याच्या खाचेत जाऊन बसते, घामाने घट्ट होते आणि एके दिवशी खटका अर्धाच लागतो. हाताला लागल्यासारखा वाटतो, लागलेला नसतो. महिन्यातून एकदा चाकू उघडून उजेडात धरा, दातकोरणीने खोबण साफ करा, फुंकर मारा, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडा आणि दहा वेळा उघडमीट करून जादा तेल पुसा. स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते काही आठवड्यांत चिकट होऊन आणखी लव धरतं. खाण्यासाठी वापरायचं पातं असेल तर औषधी दुकानातलं लिक्विड पॅराफिन चालतं.

आता कायदा, कारण इथे चांगली सवयही अंगाशी येते. ब्रिटनमध्ये कारण न देता बाळगता येतो तो फक्त खटका नसलेला घडीचा चाकू, पात्याची धार ३ इंचांच्या आत, म्हणजे ७.६२ सेंटिमीटर. कडीवाला ओपिनेल त्यात बसत नाही. बोटाला सुरक्षित असलेला खटकाच कायद्याला खटकतो, ही गंमतच म्हणायची. जपानमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं रास्त कारणाशिवाय बाळगता येत नाही, आणि त्याहून लहानही लपवून नेला तर अडचण येऊ शकते. जर्मनीत एका हाताने उघडून खटका लागणारा चाकू आणि १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा न मिटणारा चाकू रास्त कारणाशिवाय बाळगता येत नाही. २०२४मध्ये तिथले नियम आणखी कडक झाले. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं, आणि संघराज्याच्या सरकारी इमारतींत अडीच इंचांपेक्षा कमी पात्याच्या खिशातल्या चाकूलाच सूट. ‘स्वसंरक्षणासाठी’ हे कारण यांपैकी बऱ्याच ठिकाणी तुमच्याच विरोधात जातं. नव्या गावी निघण्याआधी तिथला ताजा नियम वाचा. विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात ठेवा. विमानतळावर सोडून द्यावे लागतात ते बहुतेक किल्लीच्या कडीला लटकलेले इवलेसे चाकू, कारण त्यांची आठवणच राहत नाही. आदल्या रात्रीच किल्ल्या तपासा.

लोकांसमोर दोन्ही हातांनी, सावकाश उघडा. काम झालं की लगेच मिटा. दुसऱ्याला देताना मिटून द्या, न मिटणारा असेल तर मूठ समोरच्याकडे आणि धार वर ठेवून, त्याने पकडल्यावरच सोडा. युरोपात बऱ्याच ठिकाणी चाकू भेट मिळाला तर बदल्यात एक नाणं देतात, नाहीतर मैत्री तुटते म्हणे. मानलं नाही तरी द्या, देणाऱ्याला बरं वाटतं.

कापताना आधी विचारा: पातं सटकलं तर कुठे जाईल? त्या रेषेत आपलं काहीच नको. बसून लाकूड तासत असाल तर कोपर गुडघ्यावर टेकवून गुडघ्यांच्या पुढे तासा. दोन मांड्यांच्या मधल्या जागेत कधीच नाही, तिथे मोठी रक्तवाहिनी वरच असते. बोट कापलंच तर स्वच्छ कापडाने न उघडता १० मिनिटं दाबून धरा. टोक बधिर झालं किंवा बोट वाकत नसेल तर डॉक्टरकडे जा, आत मज्जातंतू किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. पातं पेचकस किंवा पहार म्हणून वापरलं तर टोक जातं. कडक पोलाद वाकत नाही, तुटतं.

धार लावायला १००० ग्रिटचा दगड पुरे (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचं माप; आकडा मोठा तेवढा दाणा बारीक). धारेला दाते पडले असतील तरच आधी ४०० घ्या. दगड पाच-दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पण पाणी न पिणारा दगड असेल तर वरून थोडं शिंपडा. धारेच्या दोन्ही अंगांना मार्कर पेनने शाई लावा. पातं दगडावर उभं धरा, मग निम्मं तिरपं करा, पुन्हा निम्मं: हे झाले साडेबावीस अंश. त्याहून किंचित खाली या. दोन घासे मारून शाई बघा. वरचीच शाई गेली असेल तर कोन फार पडलेला आहे, अगदी काठावरचीच गेली असेल तर फार उभा. नवशिक्यांची धार लागत नाही ती याच ठिकाणी. ते अर्धा तास घासतात आणि काठाला दगड टेकतच नाही. कोन बसला की एकाच अंगाने घासत राहा, दुसऱ्या अंगाला बोट आडवं फिरवल्यावर बारीक खरखरीत बर, म्हणजे काठावर वळून आलेली धातूची कड, लागेपर्यंत. बुडापासून टोकापर्यंत ती सलग लागली पाहिजे. मग दुसरं अंग तसंच. शेवटी हात अगदी हलका ठेवून अंगं बदलत पाच-सहा घासे मारा आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं उलट दिशेने, पाठ पुढे ठेवून, दोन्ही अंगांनी दहा-दहा वेळा ओढा.

अंगठ्याने धार तपासू नका. वर्तमानपत्राचं पान एका हातात लोंबतं धरा आणि वरच्या काठातून पातं खाली आणा. सरळ गेलं तर झालं. मध्येच अडून कागद फाटला तर जिथे अडलं तिथेच बर उरली आहे; तेवढाच भाग पुन्हा चामड्यावर न्या.